पक्ष त्यांचे, अबोला आपला

२०१९ च्या विधानसभेच्या वेळी मी शाळेत होतो. बाबा भाजप-शिवसेना युतीचे, काका काँग्रेस-राष्ट्रवादीचे. प्रचारात दोघांची अशी जुंपली की बोलणंच बंद! २४ ऑक्टोबरला निकाल लागला आणि २८ नोव्हेंबरला शिवसेना, राष्ट्रवादी, काँग्रेस एकाच व्यासपीठावर शपथ घेऊन मोकळे. पक्षांतरबंदी कायदा १९८५ पासून आहे, तरी २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी. आमच्या घरातला अबोला मात्र अभंग राहिला.

मित्रहो, पक्ष जरूर असावा, पण नुसतं चिन्ह बघून बटण दाबू नका; उमेदवाराने काय केलं तेही विचारा. आणि राजकारणावरून रूममेटशी बिनसलं असेल, तर आज मेसमध्ये ताट घेऊन त्याच्या शेजारी बसा. नेते बसतातच की!