व्हिसेरा राखून ठेवला, पण स्वादुपिंडाचं काय?

‘मृत्यूचं नेमकं कारण समजू शकलेलं नाही, व्हिसेरा राखून ठेवला आहे.’ बातम्यांमध्ये ही ओळ इतक्या वेळा येते की वाचणारा पुढे स्क्रोल करतो. ज्या घरात मृत्यू झालाय तिथे मात्र या एका ओळीवर कित्येक महिने काढावे लागतात. रात्री पोटात दुखलं, उलट्या झाल्या आणि सकाळपर्यंत माणूस गेला. जेवणातून कुणी काही दिलं का? पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात आणि नातेवाईक एकमेकांकडे संशयाने बघू लागतात.

अशा काही प्रकरणांत उत्तर स्वादुपिंडात असतं. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून आडवी पडलेली ही साधारण 100 ग्रॅमची ग्रंथी. इन्सुलिनमुळे तिचं नाव सगळ्यांना माहीत असतं. पण अन्नातली प्रथिनं आणि चरबी पचवणारे रसही तीच बनवते. अतिमद्यपानामुळे किंवा नळीत अडकलेल्या पित्तखड्यामुळे हे रस ग्रंथीच्या आतच सक्रिय झाले, तर ती स्वतःलाच पचवू लागते. हाच तीव्र पॅन्क्रियाटायटिस. ग्रंथी स्वतःला पचवते ही कल्पना प्रागचे पॅथॉलॉजिस्ट हान्स कियारी यांनी 1896 मध्ये मांडली होती. या आजारात माणूस अचानक दगावू शकतो आणि कधीकधी निदान थेट पोस्टमॉर्टेमच्या टेबलावरच होतं.

अडचण अशी, की मृत्यूनंतरही तेच होतं. रक्तपुरवठा थांबला की पेशी फुटतात, रस बाहेर येतात आणि ग्रंथी विरघळू लागते. याला ऑटोलिसिस म्हणतात. हृदय किंवा स्नायूंच्या तुलनेत स्वादुपिंड फार लवकर, काही तासांतच बिघडतं. ते मऊ, लालसर-काळपट दिसतं आणि नुसत्या डोळ्यांना रक्तस्रावी पॅन्क्रियाटायटिससारखं वाटू शकतं. म्हणजे निरोगी स्वादुपिंड आजारी वाटण्याचा आणि आजारी स्वादुपिंड ‘सडलंय’ म्हणून सुटून जाण्याचा, असा दोन्हीकडून धोका.

मग फरक ओळखायचा कसा? जिवंत शरीर प्रतिकार करतं, मृत शरीर करत नाही. खरा आजार असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशींची गर्दी दिसते. आजूबाजूच्या चरबीवर खडूसारखे पांढरे ठिपके असतात, कारण सुट्या झालेल्या चरबीशी कॅल्शियम जोडलं जाऊन चक्क साबण तयार होतो. नुसत्या ऑटोलिसिसमध्ये पेशींची ही गर्दी नसते.

पण सूक्ष्मदर्शकाखाली बघायला तुकडा तर हवा. व्हिसेरा म्हणजे मुख्यतः जठर, आतड्याचा भाग, यकृत, मूत्रपिंड. विष शोधण्यासाठी हे अवयव सहसा मिठाच्या संपृक्त द्रावणात घालून न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात. तिथे रसायनांची तपासणी होते, आजाराची नाही. आजार शोधायचा तर स्वादुपिंडाचं डोकं, धड आणि शेपूट यांचे छोटे तुकडे फॉर्मालिनमध्ये घालून हिस्टोपॅथॉलॉजीसाठी वेगळे पाठवावे लागतात. ते पाठवले नाहीत, तर ‘विष आढळलं नाही’ एवढंच कळतं. मृत्यू कशाने झाला, हा प्रश्न तसाच राहतो.

त्यात वेळेचा घोळ. सूर्यास्तानंतर पोस्टमॉर्टेम न करण्याची पद्धत आपल्याकडे अनेक वर्षं होती. 15 नोव्हेंबर 2021 रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने पुरेशा सुविधा असलेल्या रुग्णालयांना रात्रीही परवानगी दिली. मात्र खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेला मृतदेह किंवा घातपाताचा संशय असेल, तर कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असल्याशिवाय रात्री पोस्टमॉर्टेम करायचं नाही. कारण समजण्यासारखं आहे, पुराव्यावर शंका नको. पण ‘विष की आजार’ हा वाद असतो तो याच प्रकरणांत, आणि सकाळची वाट बघावी लागते तीही यांनाच. शवागाराच्या थंडीने ऑटोलिसिस मंदावतं, थांबत नाही. उशीर झालाच असेल तर शरीर उघडल्यावर स्वादुपिंडाचे तुकडे आधी फॉर्मालिनमध्ये टाकणं, यासाठी कुठल्या महागड्या यंत्राची गरज नाही.

पॅन्क्रियाटायटिस सापडला म्हणून विषाचा प्रश्न मिटतो, असंही नाही. शेतात वापरल्या जाणाऱ्या ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांमुळेही पॅन्क्रियाटायटिस होऊ शकतो. पोटावर लाथ बसली किंवा अपघातात स्टिअरिंग आदळलं, तर ग्रंथी कण्यावर दाबली जाऊन तेच घडू शकतं. त्यामुळे मिठाची बरणी आणि फॉर्मालिनची बरणी, दोन्ही हव्यात.

नातेवाइकांनी पोस्टमॉर्टेम अहवालाची प्रत मिळाल्यावर हिस्टोपॅथॉलॉजीसाठी नमुने घेतल्याची नोंद आहे का आणि त्यात स्वादुपिंड आहे का, हे बघावं. तपासणी अधिकाऱ्यालाही हा प्रश्न विचारता येतो. आणि अहवालात स्वादुपिंडापुढे ‘ऑटोलाइज्ड’ लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ आजार नव्हता असा नाही. आजार होता की नव्हता, हे आता त्या तुकड्यावरून सांगता येत नाही, एवढाच आहे.