विकासाचा मुखवटा आणि सांगोल्याचा आरसा

पक्ष सोडून निघालेल्या प्रत्येक आमदाराच्या तोंडी एक ठरावीक वाक्य असते, 'मतदारसंघाच्या विकासासाठी हा निर्णय घ्यावा लागला.' सत्तेशिवाय निधी नाही, निधीशिवाय कामे नाहीत. म्हणून सत्तेच्या दिशेने चालणे हेच लोकप्रतिनिधीचे कर्तव्य, असा हा युक्तिवाद. तो इतक्या वेळा कानी पडला आहे की, सुशिक्षित मध्यमवर्गही तो मुकाट मान्य करू लागला आहे. त्याचा पोकळपणा पाहायला फार दूर जायला नको. सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्यापर्यंत गेले तरी पुरे.

गणपतराव देशमुख १९६२ मध्ये शेतकरी कामगार पक्षाच्या वतीने तेथून प्रथम विधानसभेवर गेले. १९६७ मध्ये ते पुन्हा निवडून आले. त्याच वर्षी हरियाणात गयालाल नावाच्या आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि 'आयाराम-गयाराम' हा शब्द देशाच्या राजकारणाला मिळाला. संसदीय लोकशाहीचे दोन रस्ते एकाच वर्षी असे समोर होते. गणपतराव २०१४ मध्ये वयाच्या ८८ व्या वर्षी अकराव्यांदा निवडून आले, तेव्हाही पक्ष तोच होता, मतदारसंघही तोच होता.

त्यांना पराभव ठाऊक नव्हता असे नाही. १९७२ मध्ये ते हरले, १९९५ मध्ये अवघ्या १९२ मतांनी हरले. दोन्ही वेळा सत्ताधाऱ्यांचा उंबरठा झिजविण्याऐवजी ते मतदारांकडेच परत गेले. १९७४ ची पोटनिवडणूक आणि १९९९ ची निवडणूक हे त्याचे उत्तर होते. १९७८ आणि १९९९ मध्ये त्यांना मंत्रिपदे मिळाली. १९७८ चे सरकार तर काँग्रेसमधील फुटीतूनच जन्मले होते, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु गणपतराव त्या सरकारात गेले ते स्वपक्षासह, स्वपक्षाला सोडून नव्हे. बाकीचा बहुतेक काळ त्यांनी विरोधी बाकांवर काढला.

मग विकास थांबला काय? दुष्काळी तालुक्यात सहकारी सूतगिरणी उभी राहिली, महिलांची स्वतंत्र सूतगिरणीही झाली. कृष्णेच्या पाण्यासाठी १९९३ पासून आटपाडीत भरू लागलेल्या पाणी परिषदांत नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीने गणपतराव उभे राहिले. हे सारे करणारा माणूस एसटीच्या बसने प्रवास करीत असे. त्यांची मार्क्सवादी विचारसरणी पटो अथवा न पटो, ज्याने आपल्या विचाराचे मोल कधी लावू दिले नाही, त्याच्यापुढे वैचारिक विरोधकानेही नम्र व्हावे!

आजचे चित्र काय आहे? १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. एकतृतीयांश फुटीची पळवाट २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने बुजविली. तरीही जून २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या आमदारांचे जथे सुरत-गुवाहाटीच्या वाऱ्या करीत होते. सांगोल्याचे तत्कालीन आमदार तर तेथील झाडी-डोंगरांच्या वर्णनाने घरोघरी पोहोचले! सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांवर सोपविला आणि जानेवारी २०२४ मध्ये दोन्ही गटांतील एकही आमदार अपात्र ठरला नाही. कायदा शाबूत राहिला, त्याचा आत्मा मात्र निघून गेला.

येथे आपला-परका हा भेद निरर्थक आहे. दुसऱ्याचा आमदार आपल्याकडे आला की ते मतपरिवर्तन आणि आपला गेला की ती गद्दारी, हा दुटप्पीपणा कार्यकर्त्याला प्रथम पोखरतो. ज्याने वर्षानुवर्षे सतरंज्या उचलल्या, त्याने कालच्या प्रतिस्पर्ध्याच्या गळ्यात हार का घालावा? मतपरिवर्तन खरोखर झाले असेल, तर ते सिद्ध करण्याचा मार्ग सरळ आहे. राजीनामा द्यावा आणि नव्या चिन्हावर त्याच मतदारापुढे उभे राहावे.

गणपतराव ३० जुलै २०२१ रोजी गेले. २०१९ मध्ये ७६८ मतांनी गमावलेला सांगोला २०२४ मध्ये त्यांच्या नातवाने परत मिळविला. राज्यात शेकापला मिळालेली ती एकमेव जागा. यात घराण्याचा वाटा असेलही. परंतु ज्या पक्षाकडे ना सत्ता, ना निधी, त्याला मत देणारा मतदार अजून शिल्लक आहे, हेही तितकेच खरे. विकासाचे निमित्त सांगत दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला त्या मतदाराची आठवण करून देणे, एवढे तरी जागरूक नागरिकाच्या हाती आहे.