टोपलीतली तबकडी

गोल्फ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येते ती संस्थानी थाटाची करमणूक : हिरवेगार गवत, काठ्यांची पिशवी वाहणारा पोऱ्या आणि फाटकावर 'फक्त सभासदांसाठी' असा फलक. म्हणून गेल्या हिवाळ्यात अमेरिकेतील अरिझोना राज्यात, फिनिक्सजवळ राहणारा माझा भाचा "मामा, चला, गोल्फ खेळू" म्हणाला, तेव्हा मी ठेवणीतला सदरा काढला. तो हसला. "सदरा राहू द्या, चपला तेवढ्या बदला. काटे फार आहेत."

हा गोल्फ तबकडीचा. बशीहून थोडी मोठी प्लॅस्टिकची तबकडी फेकायची आणि दूरच्या खांबावरील साखळ्यांच्या झालरीवर आदळून खालच्या लोखंडी टोपलीत पाडायची. ज्याच्या फेकी कमी, तो जिंकला. एड हेड्रिक नावाच्या गृहस्थाने 1975 साली कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह बागेत याचे पहिले कायमचे मैदान आखले. तेथे आरंभी नुसते खांब होते. साखळ्यांची टोपली त्यालाच पुढे सुचली. तो 2002 साली वारला, आणि त्याच्याच इच्छेप्रमाणे त्याची रक्षा तबकड्यांत मिसळण्यात आली. हौसेची परिसीमा म्हणायची ती ही!

आम्ही खेळलो ते मैदान अवघे नऊ टोपल्यांचे, एका सार्वजनिक बागेच्या कडेला, कोरड्या ओढ्यालगत होते. त्याच बागेत मुलांचे झोके, कुत्री फिरविणारे आणि धावणारे. तिसऱ्या टोपलीच्या वाटेत पाऊलवाट आडवी येते. मी हात उगारला, तोच भाच्याने थांबविले. एक आजीबाई बाबागाडी ढकलीत चालल्या होत्या, मध्येच नातवाला पाखरू दाखवीत उभ्या राहिल्या. आम्ही तिष्ठत राहिलो. कोणाला लागेल अशी शंका असेल तर फेकू नये, असा या खेळाचा नियमच आहे. पहिल्या तासात मला त्याचा कंटाळा आला, हे कबूल करतो.

भाच्याच्या मित्रांची तक्रार अशी की, नऊ टोपल्या म्हणजे पोरखेळ. पाऊलवाट हलवावी आणि अठरा कराव्यात. मला हे पटत नाही. वर्षाला सात-आठ इंच पाऊस पडणाऱ्या त्या प्रदेशात काठी-चेंडूचा गोल्फ गवतासाठी पाणी पितो. या खेळाला घागरभरही लागत नाही, हा त्याचा मोठेपणा. परंतु तबकडी निरुपद्रवी नाही. सग्वारो नावाच्या तेथील उंच निवडुंगाला पहिली फांदी फुटायला पन्नास-पाऊणशे वर्षे लागतात, आणि एका चुकार फेकीने त्याला खोक पडते. हरवलेली तबकडी शोधताना चार माणसे तुडवितात ती जमीन वेगळीच. टोपल्या वाढवायच्या तर न मळलेल्या वाळवंटात शिरावे लागेल, किंवा त्या आजीबाईंची वाट काढून घ्यावी लागेल. त्यापेक्षा लहान मैदान लहानच राहिलेले बरे.

आपल्या सयाजी बागेचा आरंभ 1879 चा. तेथे कोणी चालतो, कोणी पाखरे पाहतो, आणि कोणी कोणाला उठवीत नाही. पण आमच्या घरामागील मोकळ्या जागेत, जेथे भाजी घेऊन जाणाऱ्या बायकांसाठी आम्ही पोरे गोलंदाजी थांबवीत असू, तेथे आता जाळी आहे, शिकवणीचे क्रिकेट आहे आणि महिन्याची फी आहे. तेथील खेळ आमच्याहून पुष्कळ चांगला आहे, यात वाद नाही. बायका मात्र वळसा घालून जातात.

नऊ टोपल्यांना मी एकेचाळीस फेकी घेतल्या. शेवटली तबकडी चोया नावाच्या काटेरी झुडपात अडकली. भाच्याने ती दोन काटक्यांनी सोडविली आणि माझ्या विजारीला चिकटलेले काट्यांचे बोंड कंगव्याने उडविले. त्या कामासाठी गाडीत एक कंगवा ठेवलेलाच असतो.