पंप घ्या पाण्याच्या मापाने, हॉर्सपॉवरच्या नव्हे



पंपाच्या दुकानात शेतकऱ्याला एकच प्रश्न विचारला जातो, "किती हॉर्सपॉवरचा देऊ?" पाणी किती पाहिजे, किती उंच चढवायचे, पाइप किती इंची, पंप दिवसाला किती तास चालणार, यातले काहीही कोणी विचारत नाही. आणि आपणही मिशीला पीळ देऊन सांगतो, "द्या पाचचा!" या सवयीने विहिरींवर किती वीज आणि किती मोटारी जळाल्या त्याचा हिशेब फार मोठा आहे. आज तो एका छोट्या ठिकाणावरून मांडतो. ते ठिकाण म्हणजे घरच्या पोहण्याच्या हौदाच्या फिल्टरचा पंप.

कापूस-ज्वारीवाल्यांच्या अंकात पोहण्याचा हौद कशाला, असे काही जण विचारतील. कारण सरळ आहे. राज्य सरकारने 2020 साली कृषी पर्यटनाचे धोरण आणले. अजिंठा-वेरूळच्या वाटेवर, ताडोबा-मेळघाटच्या कडेला आपलीच पोरे शेतात दोन-चार खोल्या बांधून पाहुणे ठेवू लागली आहेत. ज्वारीला भाव नसेल आणि हुरड्याला गिऱ्हाईक असेल, तर शेतकऱ्याने हुरडा विकावा. पाहुण्यांची मुले उन्हाळ्यात हौद मागतात, तोही द्यावा. शेतकऱ्याच्या दारात हौद दिसला की ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यांनी त्या आपल्याजवळच ठेवाव्यात. प्रश्न हौद असावा की नसावा हा नाही. त्या हौदाच्या नावावर दुकानदार आपल्या गळ्यात काय बांधतो, हा आहे.

दुसरे कारण जास्त महत्त्वाचे. शेतीपंपाची चूक बिलात दिसत नाही. मीटर नसलेल्या पंपाचे बिल हॉर्सपॉवरवर काढले गेले, आणि एप्रिल 2024 पासून तर साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांचे बिल सरकार भरते. चुकीचा पंप किती खातो हे कळायला मार्गच उरला नाही. हौदाला मात्र मीटर आहे. तो शेतीच्या जोडणीवर चालवायची सोय नाही. कोणी चालवलाच तर 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 126 खाली तो अनधिकृत वापर ठरतो. म्हणून हौदावर चूक दर महिन्याला कागदावर छापून हातात येते.

आता हौदाचा पंप करतो काय ते पाहू. विहीर 60 फूट खोल असेल तर पंपाला प्रत्येक थेंब 60 फूट वर उचलावा लागतो. हौदात तसे काहीच नाही. पंप हौदातले पाणी ओढतो, वाळूच्या फिल्टरमधून ढकलतो आणि त्याच हौदात परत सोडतो. निघाले त्याच पातळीवर पाणी परत आले. चढण शून्य! पंपाला झगडायचे ते फक्त घर्षणाशी: पाइप, बेंड, वाल आणि फिल्टरमधली वाळू. ठिबकवाल्यांना हा वाळूचा फिल्टर परका नाही. शेततळ्याच्या पाण्याला आपण तोच लावतो आणि तोच उलटा धुतो.

हिशेब करू. हौद 25 फूट लांब, 14 फूट रुंद, सरासरी 4 फूट खोल. झाले 1,400 घनफूट. घनफुटाला 28.3 लिटर, म्हणजे जवळजवळ 40,000 लिटर. घरच्या हौदाचे सगळे पाणी सहा ते आठ तासांत एकदा फिल्टरमधून फिरावे हा सर्वमान्य ठोकताळा आहे. आठ तास धरले तर तासाला 5,000 लिटर. दोन इंची पाइपात हे पाणी सावकाश, सेकंदाला मीटरपेक्षा कमी वेगाने जाते. पाइप आखूड, बेंड कमी आणि फिल्टर नीट असेल तर घर्षणाचा हेड 8 ते 10 मीटरच्या आत बसतो.

फिल्टर उलटा धुताना मात्र पाणी जास्त लागते, कारण वाळू उचलली गेली पाहिजे. 20 इंची फिल्टरला त्यासाठी तासाला सुमारे 8,000 लिटर हवे. 10 मीटर हेडवर 8,000 लिटर ढकलायला पाण्याला लागणारी ताकद भरते 218 वॅट. पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली तरी 436 वॅट, म्हणजे अर्ध्या हॉर्सपॉवरपेक्षा थोडी जास्त. पाऊण हॉर्सपॉवरचा पंप हे काम आरामात करतो. मग दुकानात दोन हॉर्सपॉवरचा का बांधून देतात? नाकापेक्षा मोती जड कशाला?

दुकानदाराकडे याची तीन उत्तरे तयार असतात.

पहिले उत्तर: "मोठा घ्या, पाणी लवकर फिरेल, कमी तास चालवा." हे ऐकायला गोड आहे आणि हिशेबाला खोटे आहे. त्याच पाइपातून दुप्पट पाणी ढकलले की घर्षण चौपट होते. दुप्पट पाणी, चौपट हेड, म्हणजे ताकद आठपट. वेळ निम्मा लागला तरी त्याच 40,000 लिटरला वीज चौपट जळते. प्रत्यक्षात मोटारीची स्वतःची घट असल्यामुळे फरक थोडा कमी पडतो, पण दिशा बदलत नाही. शिवाय वाळूतून पाणी धाडकन गेले की बारीक गाळ अडकत नाही, पार होऊन पुन्हा हौदात येतो. वीज जास्त आणि पाणी गढूळ, असा हा दुहेरी सौदा आहे.

उलट, वेग कमी-जास्त करता येणारा पंप घेतला तर हेच गणित आपल्या बाजूने चालते. रोजचे फिल्टरिंग मंद वेगावर, आणि उलट धुण्यापुरता वेग वाढवायचा. विहिरीवर हे जमत नाही. तिथे वेग निम्मा केला तर पाणी वरच येणार नाही. हौदाला चढण नाही, म्हणून इथे जमते.

दुसरे उत्तर: "मोठा पंप पुढे कामाला येईल." पुढे म्हणजे कधी? हौद काही दरवर्षी वीतभर वाढत नाही. दोन हॉर्सपॉवरचा पंप तासाला 1.8 युनिट आणि पाऊणचा 0.75 युनिट खातो असे धरू. आठ तासांचे 14.4 आणि 6 युनिट. रोजचा फरक 8.4 युनिट, वर्षाचा 3,066. युनिटला दहा रुपये धरले तर तीस हजार रुपये वर झाले. 2025-26 च्या हंगामाला मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,710 रुपये जाहीर झाला. त्या भावाने हे झाले चार क्विंटल कापूस, म्हणजे कोरडवाहूत बऱ्या वर्षी एकरभर रानातून घरात येतो तेवढा. बोंडअळीने खाल्ला तर आपण छाती पिटतो. पंपाने खाल्ला तर पुढे कामाला येईल म्हणतो!

तिसरे उत्तर, आणि हे कधीकधी आपल्याच तोंडून येते: "विहिरीवरचा जुना मोनोब्लॉक पडला आहे, तोच लावू." तो पंप 20-25 मीटर हेडसाठी केलेला. हौदावर त्याला अडवायला काहीच नाही, त्यामुळे तो बेसुमार पाणी ओढायला लागतो, मोटारीवर भार येतो, पंख्याजवळ हवेचे बुडबुडे फुटून खडखडाट होतो. त्याचे ओतीव लोखंड हौदातल्या क्लोरीनने गंजते आणि पाण्यात तांबूस गाळ उतरतो. हौदाच्या पंपाला पंख्याच्या आधी केस, पाने, दोरे अडवणारी जाळीची टोपली असते, ती या पंपाला नाही. फुकटचा पंप शेवटी महागाचाच ठरतो.

हे काही मी आज शोधून काढलेले नाही. अमेरिकेत फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठाने 120 घरगुती हौदांचा अभ्यास केला. लहान पंप लावून आणि चालवायचे तास कमी करून काही मालकांचे पंपाचे बिल 75 टक्क्यांपर्यंत खाली आले. घरच्या हौदाला बहुतेक वेळा पाऊण हॉर्सपॉवर किंवा त्याहून लहान पंप पुरतो, असा सल्ला तिथले ऊर्जा खाते देते. जुलै 2021 पासून तिथे हौदाच्या पंपांना कार्यक्षमतेचा कायदा लागू झाला. त्या कायद्यात पंप जोखायचे माप कोणते? एका युनिट विजेत किती गॅलन पाणी फिरते, हे! आपल्या दुकानातल्या पाटीवर मात्र अजूनही हॉर्सपॉवरचाच आकडा ठळक अक्षरात.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. मोठा पंप पैसे खातो तसा जीवही घेतो. पाणी ओढण्याचे तोंड तळाला एकच असेल आणि पंप जबरदस्त असेल, तर त्या तोंडावर पोराचा हात, पाठ किंवा केस बसले की ते चिकटते. मोठ्या माणसालाही सोडवता येत नाही. अमेरिकेत 2002 साली व्हर्जिनिया ग्रेम बेकर ही सात वर्षांची मुलगी गरम पाण्याच्या हौदात अशीच तळाच्या जाळीला ओढली जाऊन बुडाली. तिच्या आईने लढा दिला आणि 2007 साली तिच्याच नावाचा कायदा झाला. म्हणून पाणी ओढण्याची तोंडे दोन ठेवा, एकमेकांपासून किमान तीन फुटांवर. दोन्हींवर फुगीर जाळ्या स्क्रूने घट्ट बसवा. जाळी तुटलेली दिसली की पंप बंद आणि पोरे बाहेर. पंपाच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा अर्थ लीकेज ब्रेकर आणि खरे, ओल्या मातीत गाडलेले अर्थिंग हवेच. विहिरीवर आकडा टाकून, स्टार्टरला काडी लावून चालवायची आपली जी रीत आहे, ती हौदाच्या काठावर चालणार नाही. तिथे ओल्या अंगाची मुले उभी असतात.

आणि पाणी? 40,000 लिटर म्हणजे एक एकरावर 10 मिलिमीटर, कपाशीला ठिबकने दोन-अडीच दिवस. कोरडवाहू माणसाला हे थोडे वाटणार नाही, आणि वाटू नये. म्हणूनच पंप आणि फिल्टर नीट पाहिजे. फिल्टर चालत नाही तिथे पाणी हिरवे पडते आणि दर पंधरा दिवसांनी अख्खा हौद ओढ्यात सोडावा लागतो. फिल्टर नीट असेल तर तेच पाणी महिनोन्महिने टिकते. उन्हाळ्यात दिवसाला तीनेकशे लिटर वाफ होऊन जाते, ती रात्री हौद झाकला तर कमी होते. उलट धुण्याला तीन मिनिटांत 400 लिटर लागतात. तेही रोज नको. फिल्टरवरच्या काट्याने स्वच्छ असतानाच्या दाबापेक्षा अर्धा किलो वाढ दाखवली की धुवा. ते पाणी दोन दिवस उन्हात ठेवून झाडांना द्या.

भावांनो, हौदाच्या निमित्ताने जे बोललो ते आपल्या विहिरीलाही लागू आहे. मागेल त्याला सौर कृषी पंप म्हणतात, पण शेतकऱ्याने मागायची मर्यादा ठरते सातबाऱ्यावर: अडीच एकरापर्यंत 3 हॉर्सपॉवर, पाच एकरापर्यंत 5, त्याच्या वर साडेसात. एकर जमिनीचे माप आहे, पाण्याच्या खोलीचे नाही. दोन एकरवाल्याची विहीर 30 फूट खोल असेल नाहीतर बोअर 300 फूट, त्याची मर्यादा तीनच! दुकानदाराने हॉर्सपॉवर विचारली आणि सरकारने एकर विचारले. पाणी कोणीच विचारले नाही.

तेव्हा येत्या तालुका बैठकांत पुढील गोष्टी ठरवून घ्या.

एक, पंप घेताना दुकानदाराला आपण आधी सांगायचे: इतक्या मीटर हेडवर तासाला इतके लिटर पाहिजे. त्या आकड्यावर पंप किती वीज खाईल, ते त्याने बिलावर लिहून द्यायचे.

दोन, पंपाचा आलेख, म्हणजे कोणत्या हेडवर किती पाणी मिळते त्याची रेघ, पाहिल्याशिवाय पैसे मोजायचे नाहीत. आलेख नाही म्हणणाऱ्या दुकानाची पायरी उतरायची. शेतीपंप असेल तर कार्यक्षमतेचे तारे किती तेही पाहायचे.

तीन, ज्यांच्याकडे हौद आहेत त्यांनी पंपाची पाटी, पाइपाचा आकार आणि तीन महिन्यांची बिले बैठकीत आणायची. तिथेच सगळ्यांसमोर हिशेब करू.

चार, प्रत्येक हौदाच्या तळाच्या जाळ्या आणि अर्थिंग पाहुण्यांचा हंगाम सुरू होण्याआधी तपासायचे. यात उधारी नको.

बाजारात कापूस नेला की आपण काटा तपासतो, व्यापाऱ्याने किलोभर मारला तर भांडतो. पंप हाही काटाच आहे, एका पारड्यात वीज आणि दुसऱ्यात पाणी. तो तपासायला शिका. जो मोजून घेतो, त्याला फसवणे अवघड असते.