प्रत उतरली, फॉन्ट मागे राहिला

मथळ्यातली वेलांटी वरून कापली जातेय, ही तक्रार देवनागरी पानांवर काम करणाऱ्या कुणालाच नवी नाही. समजा, तक्रार पुण्यातून आली आहे. पान बांधणारी टीम चेन्नईत बसलेली आहे आणि स्टेजिंग क्लायंटच्या व्हीपीएनच्या आड आहे. मग कुणीतरी कंट्रोल-एस दाबतो, ‘वेबपेज, कम्प्लीट’ निवडतो आणि फाइल व तिच्या सोबतचं फोल्डर झिप करून पाठवतो. चेन्नईतला डेव्हलपर प्रत उघडतो, लाइन-हाइट १.२ची १.३५ करतो. वेलांटी पूर्ण दिसते, तिकीट बंद होतं. दुसऱ्या दिवशी लाइव्ह पानावर वेलांटी कापलेलीच. त्यानं दुरुस्त केलेलं पान त्याच्या मशीनवरच्या निर्मला फॉन्टमध्ये उमटलेलं होतं. वाचकाला दिसत होतं ते साइटच्या मुक्ता फॉन्टमध्ये.

या टीमला देवनागरी वाचता येत नसेल, तर फॉन्ट बदललाय हे तिच्या लक्षात येण्याचंही कारण नाही. पुण्यात बसून तमिळ पान तपासणाऱ्या आपल्या मंडळींची अवस्था काही वेगळी नसते. अनोळखी लिपीत सगळेच फॉन्ट सारखे दिसतात. पण मात्रांना वर किती जागा लागते, जोडाक्षर किती खाली उतरतं, ओळ कुठे तुटते, हे सगळं फॉन्टवर ठरतं. देवनागरीत स्टाइलिंगचा निम्मा घोळ तिथेच असतो.

जतन केलेल्या पानातून फॉन्टच का निसटतो? चित्रं आणि सीएसएस यांचा उल्लेख एचटीएमएलमध्ये सरळ असतो, म्हणून ब्राउझर ती उचलतो. फॉन्टचा पत्ता सीएसएसच्या पोटात, तोही पुष्कळदा सापेक्ष. सीएसएस नव्या फोल्डरात आली की तो पत्ता कुठेच पोचत नाही. पत्ता पूर्ण असला तरी अडचण सुटत नाही. डिस्कवरून उघडलेल्या पानाला स्वतःचा डोमेन नसतो आणि दुसऱ्या ठिकाणचा फॉन्ट ब्राउझर त्या सर्व्हरच्या परवानगीशिवाय वापरू देत नाही. गूगल फॉन्ट्स ती परवानगी सरसकट देतं. क्लायंटचा स्वतःचा सर्व्हर बहुतेक वेळा फक्त आपल्या डोमेनलाच देतो. फॉन्ट नाही मिळाला तर ब्राउझर तक्रार करतो ती कन्सोलमध्ये, पानावर नाही. पानावर तो गुपचूप मशीनवरचा फॉन्ट लावून मोकळा होतो.

जुन्या लोकांना हे ओळखीचं वाटेल. १९९७च्या सुमारास इंटरनेट एक्सप्लोरर ४ ईओटी फॉन्ट घेऊन आला आणि नेटस्केप ४नं बिटस्ट्रीमचं तंत्र घेतलं. तमिळ काय, मराठी काय, वृत्तपत्रांच्या साइटी आपापले ‘डायनॅमिक फॉन्ट’ पानासोबत पाठवू लागल्या. प्रत्येकाची अक्षरांची मांडणी वेगळी. ईओटी फाइल विशिष्ट डोमेनशी बांधता येत असे. असं पान जतन करून घरी उघडलं की फॉन्ट चालायला नकार द्यायचा आणि उरायची रोमन अक्षरांची खिचडी. फेब्रुवारी १९९९मध्ये चेन्नईत भरलेल्या ‘तमिळनेट ९९’ परिषदेनं तमिळसाठी एक कीबोर्ड आणि टॅम व टॅब अशा दोन संकेतप्रणाली ठरवल्या, त्या याच गोंधळाला आवर घालायला. पुढे २०१०मध्ये तामिळनाडू सरकारनं युनिकोड स्वीकारलं. आता फॉन्ट गेला तरी मजकूर वाचता येतो. सोय मोठी, पण चूक लपायलाही हीच सोय पुरते. खिचडी निदान लगेच दिसायची.

त्यामुळे प्रत उघडल्यावर पहिलं काम सीएसएसला हात लावण्याचं नाही. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये मथळ्यावर क्लिक करा, ‘कम्प्युटेड’च्या तळाशी ‘रेंडर्ड फॉन्ट्स’ बघा. तिथे फॉन्टच्या नावापुढे तो नेटवर्कवरून आला की मशीनवरचा आहे ते लिहिलेलं असतं. मशीनवरचा दिसला की थांबा. फॉन्ट फाइल वेगळी उतरवून घ्या, पत्ता बदला, फोल्डरात पायथनचा एका ओळीचा सर्व्हर चालू करा आणि पान लोकलहोस्टवरून उघडा.

बाकीचे खड्डे थोडक्यात. कम्प्लीट जतन करताना ब्राउझर सर्व्हरनं दिलेलं एचटीएमएल नाही, तर स्क्रिप्ट चालून झाल्यावरचं पान लिहितो. उघडल्यावर त्याच स्क्रिप्ट पुन्हा चालतात आणि मेन्यू दोनदा येतो. लिंक टॅगवर इंटिग्रिटीचा हॅश असेल तर सीएसएसमधलं एक अक्षर बदललं तरी ती आख्खी फाइल नाकारली जाते, आणि नवखा डेव्हलपर आपलं सेमीकोलन शोधत बसतो. पानाच्या सगळ्यात वरच्या एचटीएमएल टॅगवर मराठीचा लँग कोड आहे का तेही बघा. तो गेला तर फॉन्टमध्ये सोय असूनही मराठी वळणाचे ल आणि श येत नाहीत. डब्ल्यूगेटनं ओढलेल्या पानात मेटा चारसेट नसेल, तर सर्व्हरच्या हेडरमधला यूटीएफ-८चा उल्लेख मागेच राहतो. मग एका ‘म’ऐवजी तीन चिन्हं दिसू शकतात: वर तिरकी रेघ असलेला रोमन ए, चलनाचं चिन्ह आणि रजिस्टर्डचं वर्तुळ. ती दिसली की फॉन्टला दोष देऊ नका. बाइट शाबूत आहेत, वाचण्याची रीत चुकली आहे.

साइट हाताशी असेल तर आमचं मत क्रोमच्या लोकल ओव्हरराइड्सच्या बाजूनं आहे. २०१८च्या ६५व्या आवृत्तीपासून ते आहेत, तरी अनेक टीम अजून त्यांना हात लावत नाहीत. पत्ता तोच राहतो, फॉन्ट येतो, बदललेली सीएसएस मात्र आपल्या डिस्कवरून लागू होते आणि रीलोडनंतरही टिकते. एलिमेंट्समध्ये एचटीएमएलच्या झाडावर केलेले बदल टिकत नाहीत, एवढं ध्यानात ठेवायचं.

पण साइट नेहमी हाताशी नसते. डिसेंबर २०१६मध्ये वरदा चक्रीवादळ चेन्नईवर आदळलं तेव्हा एअरटेलच्या समुद्राखालच्या केबललाही फटका बसला. २०१५ आणि २०२३च्या डिसेंबरात शहर पाण्यात होतं. अशा दिवसांत डिस्कवरची प्रतच काय ती कामाची. आणि तक्रारीचा पुरावा म्हणून तर स्क्रीनशॉटपेक्षा ती केव्हाही बरी, कारण स्क्रीनशॉटमधल्या वेलांटीची लाइन-हाइट विचारता येत नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या धंद्यात फार सैल चालते. लॉगिन करून जतन केलेल्या पानात ग्राहकाचं नाव, खातं, शिल्लक, कधी छुपं टोकनही फाइलमध्ये उतरतं, आणि ती झिप व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून तीन कंपन्यांत फिरते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३मध्ये झाला आहे. प्रत चाचणी खात्यावरूनच काढावी, आणि तक्रारीसोबत ब्राउझरची आवृत्ती, लँग कोड व रेंडर्ड फॉन्टचं नाव लिहून पाठवावं. हे तीन रकाने तिकिटाच्या नमुन्यातच टाकून घ्या, म्हणजे दर वेळी मागावे लागणार नाहीत.