फोटो तुमचा, चेहरा कोणाचा?

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी आता राज्यभर माहीत झाली आहे. सातपुड्यातले हजारो आदिवासी रात्रभर नाचतात, पहाटे होळी पेटते. मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरू आणि सुके दुधी, अंगभर नक्षी. नाचणाऱ्यांपैकी अनेकांचा नवस असतो, ते आधी काही दिवस कडक नियम पाळतात. त्यांच्यासाठी हे व्रत आहे, आणि भोवती असतो कॅमेऱ्यांचा गराडा.

काही वर्षांपूर्वी मीही असाच एक फोटो टाकला. खूप लाइक्स आल्या. खाली कुणीतरी लिहिले, "अजून जंगलीच आहेत." मी वाद घातला, पण फोटो काढला नाही. फोटोतल्या माणसाला मी विचारलेच नव्हते, हे नंतर लक्षात आले. मी कार्यकर्ता, मी समाजशास्त्र शिकलेला. मग माझ्यात आणि त्या पर्यटकात फरक काय राहिला?

कायद्याकडे बघा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याने फोटोचा हक्क साधारणपणे काढणाऱ्याला मिळतो, ज्याचा चेहरा आहे त्याला नाही. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण पाड्यावरच्या बाईने तो कुठे जाऊन मागायचा? तिचा फोटो कुठल्या ग्रुपवर फिरतोय, हेच तिला कळत नाही. 2012 साली अंदमानात जारवा स्त्रियांना पर्यटकांसमोर नाचवल्याचे व्हिडिओ जगभर गाजले. तेव्हा आपण संतापलो. आपल्या मोबाइलचा प्रश्न आला की तो संताप जातो कुठे?

काही मित्र म्हणतील, "खैरलांजीचे फोटो बाहेर आले नसते तर 2006 मध्ये लोक रस्त्यावर उतरले असते का?" मुद्दा खरा आहे. अन्यायाचा पुरावा लपवायचा नसतो. पण पुरावा पोलीस, वकील, आयोग, पत्रकार यांच्यापर्यंत पोचवणे वेगळे आणि पीडितांचे देह स्टेटसला ठेवणे वेगळे. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे तर गुन्हाच आहे, मग पोस्ट करणारा आपल्या चळवळीतला का असेना.

बाबासाहेबांनी 1919 मध्ये साउथबरो समितीसमोर अस्पृश्यांसाठी स्वतंत्र प्रतिनिधित्व मागितले. आमच्या वतीने दुसऱ्याने बोलू नये, हा त्यामागचा आग्रह होता. तोच आग्रह आदिवासी आपल्यासमोर धरू शकतो: माझ्या वतीने तू दाखवू नकोस.

म्हणून एवढे तरी पाळूया. काढण्याआधी विचारायचे, आणि कुठे टाकणार तेही सांगायचे. भाषा येत नसेल तर गावातल्या पोराला मध्ये घ्यायचे. नाही म्हटले की कॅमेरा खाली. लहान मुलांचे आणि नाचून थकून झोपलेल्यांचे फोटो नकोत. "आदिवासी सौंदर्य" असली ओळ नको. गाव आणि सणाचे नाव लिहायचे, माणसाचे नाव त्याची हरकत नसेल तरच. दुसऱ्याचा फोटो वापरला तर श्रेय द्यायचे. खाली घाणेरडी टिप्पणी आली तर ती हटवायची जबाबदारी टाकणाऱ्याची. काढा म्हटले तर वाद न घालता काढायचा.

आणि काठीची पोरं आज स्वतःच मोबाइल घेऊन उभी आहेत. त्यांचे फोटो त्यांच्याच नावाने पुढे पाठवा. आपला फोटो एखादा कमी पडला, तर काही बिघडत नाही.