अ‍ॅक्रिलिक : मजबुतीपलीकडचे प्रश्न

बालरोगतज्ज्ञाने कवळीच्या पदार्थाविषयी लिहावे, हे आपल्या मंडळातील दंतवैद्य सभासदांना काहीसे आगंतुकपणाचे वाटेल. तथापि अ‍ॅक्रिलिक हा आता केवळ वृद्धांच्या मुखातील पदार्थ राहिलेला नाही. वेडेवाकडे दात सरळ करण्यासाठी मुलांना दिली जाणारी काढता-घालता येणारी प्लेट, अकाली पडलेल्या दुधाच्या दाताची जागा राखणारे साधन आणि टाळू दुभंगलेल्या नवजात बालकाला दूध पिता यावे म्हणून बसवलेली प्लेट, ही बहुधा याच पदार्थाची असतात. आयुष्याच्या पहिल्या आठवड्यात ज्याची अ‍ॅक्रिलिकशी गाठ पडते, तो रुग्ण प्रथम माझा असतो. म्हणून या पदार्थात सुधारणा करण्याचे संशोधन कोणत्या दिशेने चालले आहे, याची चौकशी करण्याचा अधिकार मी घेतो. ती दिशा काहीशी एकांगी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेट, म्हणजे आपले अ‍ॅक्रिलिक, १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात दंतवैद्यकात आले. त्यापूर्वी कवळ्या व्हल्कनाइटच्या, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराच्या असत. त्या टिकाऊ होत्या, पण दिसायला ओबडधोबड. अ‍ॅक्रिलिक हिरडीच्या रंगाचे, वजनाला हलके आणि दुरुस्तीला सोपे होते. भुकटी आणि द्रव एकत्र कालवून कणकेसारखा गोळा करायचा, साच्यात दाबायचा आणि गरम पाण्यात शिजवायचा, एवढ्या साध्या सामग्रीवर गावोगावच्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. ऐंशीहून अधिक वर्षे त्याने आपले आसन सोडलेले नाही. त्याचे दोषही तितकेच जुने आहेत. हातातून फरशीवर पडले की ते तुटते, पाणी शोषते, आणि त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर कँडिडा ही बुरशी सुखाने नांदते.

संशोधकांचे बहुतेक लक्ष यांपैकी पहिल्या दोषावर खिळलेले दिसते. रबराचे कण मिसळून आघात सोसणारे प्रकार निघाले, काचेचे व पॉलिएथिलीनचे तंतू घालून पाहिले गेले. अलीकडे झिर्कोनिया, टायटॅनियम डायऑक्साइड आणि चांदी यांच्या नॅनोकणांची चलती आहे. त्यातील चांदीचा मुख्य हेतू बुरशीला आळा घालण्याचा असला, तरी तिने रंग काळवंडतो. कण नीट न विखुरता त्यांच्या गुठळ्या झाल्या, तर ताकद वाढण्याऐवजी घटते. या साऱ्याची परीक्षा ठरलेली आहे. ६४ मिलिमीटर लांब, १० मिलिमीटर रुंद आणि ३.३ मिलिमीटर जाड पट्टी दोन आधारांवर ठेवायची, मध्यावर भार द्यायचा आणि ती केव्हा तुटते ते पाहायचे. उष्णतेने घट्ट होणाऱ्या अ‍ॅक्रिलिकसाठी आंतरराष्ट्रीय मानकाची अपेक्षा किमान ६५ मेगापास्कलची आहे. ही परीक्षा आवश्यक आहे, यात वाद नाही. पण जे मोजायला सोपे तेच पुनःपुन्हा मोजले जाते, हा सर्वच शाखांतील प्रबंधांचा रोग आहे. आम्ही बालरोगवालेही त्याला अपवाद नाही.

याच पदार्थाचे इतर शाखांत काय झाले ते पाहावे. १९४९ मध्ये लंडनला हॅरॉल्ड रिडले यांनी अ‍ॅक्रिलिकचे भिंग मानवी डोळ्यात बसवले. तिथे पारदर्शकता हवी होती, ती जपली गेली. त्यानंतर दशकभराने जॉन चार्नली यांनी मँचेस्टरचे दंतपदार्थशास्त्रज्ञ डेनिस स्मिथ यांच्या सल्ल्याने, थंड अवस्थेत घट्ट होणारे अ‍ॅक्रिलिक कृत्रिम खुबा हाडात पक्का करण्यासाठी वापरले. अस्थिरोगतज्ज्ञांचे ‘बोन सिमेंट’ हे असे दंतवैद्यकाचेच अपत्य आहे. मात्र सिमेंट क्ष-किरणांत दिसले पाहिजे, हा अस्थिरोगतज्ज्ञांचा आग्रह होता. म्हणून त्यात बेरियम सल्फेट किंवा झिर्कोनियम डायऑक्साइड मिसळण्याची रीत पडली, पुष्कळदा दहा टक्क्यांच्या आसपास. अपत्याला मिळालेला हा गुण मातेच्या घरी अजूनही रुजलेला नाही. मुखातील नेहमीचे अ‍ॅक्रिलिक छातीच्या साध्या फिल्मवर बहुधा दिसतच नाही.

याचा अर्थ काय होतो, हे काही वर्षांपूर्वी आलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलाच्या उदाहरणावरून सांगतो. खेळताना तोंडातील प्लेट मोडली, ठसका लागला आणि मग खोकला थांबेना. छातीची फिल्म निर्मळ होती. आईने शहाणपणाने प्लेटचे तुकडे रुमालात बांधून आणले होते. ते जुळवून पाहिले तेव्हा बोटाच्या नखाएवढा कोपरा कमी भरला. त्या कोपऱ्यात तार नव्हती. तार असती तर ती तरी फिल्मवर दिसली असती. उजव्या बाजूला श्वासाचा आवाज किंचित मंद होता. ब्रॉन्कोस्कोपीत तुकडा उजव्या मुख्य श्वासनलिकेत सापडला आणि मुलगा दोन दिवसांत घरी गेला. शेंगदाण्याच्या बाबतीत आपण सारेच सावध असतो. फिल्म निर्मळ असली तरी शेंगदाणा नाही असे कोणी म्हणत नाही. पण प्लेटचे नाव निघाले, की ‘कडक वस्तू आहे, असती तर दिसली असती’ असा समज सुशिक्षित पालकांतच नव्हे, तर आपल्या व्यवसायातही आढळतो.

दिसणारे अ‍ॅक्रिलिक का होत नाही, याची कारणे दंतवैद्य मित्र सांगतात, आणि ती खोटी नाहीत. छातीत, हृदयाच्या सावलीआड गेलेला पातळ तुकडा दिसायचा, तर बेरियम बरेच घालावे लागते. मग पदार्थ खडूसारखा पांढुरका दिसतो आणि त्याची ताकद घटते. त्यावर बिस्मथ आणि आयोडीन यांची संयुगे हा मार्ग तपासला गेला आहे. पण माझा प्रश्न वेगळा आहे. हे दोन्ही आक्षेप वृद्धांच्या कवळीला डोळ्यांपुढे ठेवून घेतलेले आहेत. मुलांच्या प्लेटला हिरडीचा रंग कोणी मागितला आहे? आपल्या इंदुरातली मुले निळी, हिरवी, चमकी घातलेली प्लेट हौसेने निवडतात. शिवाय कवळी वर्षानुवर्षे घास चावते, मुलांची प्लेट बहुधा काही महिन्यांची सोबतीण असते. तेव्हा थोडी ताकद देऊन दृश्यता घ्यायचा सौदा मुलांसाठी वेगळा मांडता आला पाहिजे. अर्थात ताकद फार घटली तर प्लेट अधिक मोडेल आणि औषधच आजाराला आमंत्रण देईल. ती सीमारेषा नेमकी कुठे आहे, हा खरा प्रबंधाचा विषय.

दुसरी गोष्ट उरलेल्या मोनोमरची. घट्ट होताना सगळा द्रव भुकटीत बांधला जात नाही, काही अंश मोकळा राहतो व लाळेत झिरपतो. कवळीच्या मानकानुसार उष्णतेने घट्ट केलेल्या अ‍ॅक्रिलिकमध्ये तो वजनाच्या २.२ टक्क्यांपर्यंत, तर थंड पद्धतीने केलेल्यात ४.५ टक्क्यांपर्यंत चालतो. मुलांच्या प्लेट बहुतांशी थंड पद्धतीनेच होतात. झिरपणे पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक असते. आता तीन किलो वजनाच्या, दुभंगलेल्या टाळूच्या बाळाचा विचार करावा. त्याचा जबडा झपाट्याने वाढतो, म्हणून प्लेट ठरावीक काळाने बदलावी लागते, आणि प्रत्येक नव्या प्लेटबरोबर ते ‘पहिले काही दिवस’ पुन्हा सुरू होतात. मी भीती पसरवू इच्छित नाही. मोनोमरची अ‍ॅलर्जी हातांनी काम करणाऱ्या तंत्रज्ञांत अधिक ठाऊक आहे, आणि ही प्लेट ज्यांना खरोखर हवी त्यांना ती द्यावीच. (प्रत्येकाला ती लागत नाही, कित्येक बाळे बोंडल्याने, वाटी-चमच्याने किंवा मऊ बाटलीने उत्तम वाढतात.) पण नवजात बालकासाठी मोनोमरची मर्यादा प्रौढांच्या कवळीवरून उसनी का घ्यावी?

येथे नॅनोकणांपेक्षा घड्याळ अधिक उपयोगी पडेल, असे मला वाटते. उष्ण पद्धतीत ७४ अंशांवर आठ-नऊ तास शिजवणे हा जुना, कंटाळवाणा, पण भरवशाचा मार्ग आहे. घाईने उकळले, तर १०१ अंशांच्या आसपास उकळणारा मोनोमर आतच फुगून छिद्रे पाडतो, आणि तीच छिद्रे पुढे बुरशीचे घर होतात. थंड पद्धतीत दाबाखाली कोमट पाण्यात ठेवण्याने, आणि दोन्हींत तयार प्लेट निदान एक दिवस पाण्यात बुडवून ठेवण्याने मोनोमर उतरतो. आधीच घट्ट केलेल्या ठोकळ्यातून यंत्राने कोरलेल्या साधनांत तो कमी आढळतो. ती जिथे परवडतील तिथे जरूर घ्यावीत. परंतु ‘संध्याकाळपर्यंत प्लेट द्या’ असे प्रयोगशाळेला सांगणारा दूरध्वनी आपणच करतो, हेही ध्यानात असावे.

आपल्या मंडळात दंतवैद्य आहेत, बालरोगतज्ज्ञ आहेत, क्ष-किरणतज्ज्ञही आहेत. पुढील वर्षाच्या एखाद्या मासिक सभेत या तिघांनी एकत्र बसावे, आणि मुलाच्या हाती देण्याच्या प्लेटसोबत एक छोटे कार्ड असावे, असा माझा प्रस्ताव आहे. त्यावर अ‍ॅक्रिलिकचा प्रकार, ते कोणत्या पद्धतीने घट्ट केले, किती तास पाण्यात ठेवले, तार कुठे आहे आणि कुठे नाही, एवढे लिहिलेले असावे. खाली पालकांसाठी ठळक अक्षरांत एक ओळ : प्लेट मोडल्यास सर्व तुकडे घेऊन या, एकही टाकू नका. तुकडा हरवलेला असल्यास उरलेला तुकडा फिल्मच्या वेळी मुलाच्या छातीशेजारी ठेवावा. तो फिल्मवर उमटला नाही, तर आतलाही उमटणार नाही, हे तिथेच कळते आणि ब्रॉन्कोस्कोपीचा निर्णय दुसऱ्या दिवसावर जात नाही.